एक आलेख, अनेक ऑपरेटिंग सिस्टीम: ओपन सोर्स प्लॉटिंग लायब्ररीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालेल अशी प्लॉटिंग लायब्ररी लिहिणाऱ्यांना, तिच्यात योगदान देणाऱ्यांना आणि ती रोज वापरणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मॅटप्लॉटलिबची, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीची आहेत, कारण तिचा सगळा कोड खुला आहे आणि इथे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीतून ती गेली आहे.

पायथन सगळीकडे चालतो. मग वेगळं काय करावं लागतं?

आलेख काढणारी लायब्ररी निव्वळ पायथनची नसते. फॉन्टच्या फाइलमधून अक्षरांचे आकार वाचायला फ्रीटाइप लागतं, रेषा पिक्सेलमध्ये उतरवायला सी++ मधला कोड लागतो आणि विंडो उघडायला टीके, क्यूटी, जीटीके अशा विंडो-बटणं बनवून देणाऱ्या लायब्ररींपैकी एखादी लागते. हे सगळं प्रत्येक सिस्टीमसाठी, प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळं कंपाइल करावं, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावं लागतं.

त्याशिवाय लायब्ररी काही गोष्टी सिस्टीमकडून उसन्या घेते: फॉन्ट, विंडो, स्क्रीनची घनता, फाइलींचे पत्ते, भाषा आणि प्रदेशाची सेटिंग. ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे चालत नाही’ अशा तक्रारी बहुतेक इथूनच उगवतात. माझं मत पक्कं आहे: लायब्ररीनं जितकं स्वतः करता येईल तितकं स्वतः करावं आणि सिस्टीमकडे मागायचं ते कमीत कमी मागावं. आलेख हा पुरावा असतो. तो कुठल्या यंत्रावर काढला यावरून त्याचं रूप बदलता कामा नये.

बॅकएंड म्हणजे नेमकं काय?

‘इथून तिथवर रेष काढ’, ‘या जागी हे अक्षर ठेव’ अशा सूचना लायब्ररीच्या गाभ्यातून निघतात. त्या प्रत्यक्षात उतरवणारा भाग म्हणजे बॅकएंड. कल्पना जुनी आहे. १९८६ साली आलेल्या नूप्लॉटमध्ये याच भागाला ‘टर्मिनल’ म्हणतात, आणि प्लॉटर, प्रिंटर, स्क्रीन असं एकेक नवं उपकरण त्यानं एकेक टर्मिनल जोडत सामावून घेतलं.

मॅटप्लॉटलिबमध्ये बॅकएंडचे दोन प्रकार आहेत. एक फाइल लिहिणारे: पीएनजी, पीडीएफ, एसव्हीजी, पोस्टस्क्रिप्ट. दुसरे विंडो दाखवणारे: टीके, क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्स आणि मॅकचा स्वतःचा. दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेकांच्या नावात ‘ॲग’ हा तुकडा दिसतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. चित्र काढण्याचं काम ॲग ही पिक्सेल रंगवणारी लायब्ररी करते, विंडो फक्त ते तयार पिक्सेल दाखवते.

सिस्टीमकडे स्वतःची चित्र काढण्याची सोय असते. ती का वापरू नये? वेगही वाढेल.

हा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर.

मॅकवर क्वार्ट्झ आहे, विंडोजवर जीडीआय आणि डायरेक्ट२डी आहेत, लिनक्सवर कैरो बहुधा हाताशी असतं. तिघांचे तपशील वेगळे. रेषेच्या कडा मऊ कशा करायच्या, दोन रेषा टोकदार कोनात मिळतात तिथे टोक किती लांब ठेवायचं, पिक्सेलचा मध्य कुठे धरायचा, यातलं काहीच सारखं नसतं. एक पिक्सेल जाडीची आडवी रेष दोन पिक्सेल ओळींच्या मधोमध पडली की ती दोन पिक्सेल जाड आणि निम्मी फिकी दिसते. अक्षावरच्या खुणा अशा एक आड एक फिक्या दिसल्या तर वाचणाऱ्याला त्यात काहीतरी अर्थ असल्यासारखं वाटतं. म्हणून अशा रेषा जवळच्या पूर्ण पिक्सेलवर बसवाव्या लागतात, आणि हा निर्णय लायब्ररीच्या हातात असला तरच तो सगळीकडे एकसारखा लागू होतो.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञान संशोधकानं सुरू केली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहण्यासाठी त्याला साधन हवं होतं, आणि २००३ मध्ये लायब्ररी लोकांसमोर आली. पुढे तिनं मॅक्सिम शेमानारेव्ह यांची ‘अँटी-ग्रेन जॉमेट्री’, म्हणजेच ॲग, स्वीकारली. ॲगला ऑपरेटिंग सिस्टीमशी काही देणंघेणं नाही. मेमरीचा एक तुकडा द्या, त्यात ती रंग भरून देते. तिचा २.४ आवृत्तीचा कोड सैल परवान्याखाली आहे आणि मॅटप्लॉटलिब तो आपल्या सोबतच घेऊन फिरते. २.५ पासून परवाना जीपीएल झाला, म्हणजे तो कोड घेणाऱ्यानं आपला कोडही त्याच अटींवर वाटायची सक्ती आली, म्हणून २.४ वरच थांबणं भाग पडलं. परवाना हाही सुवाह्यतेचाच, म्हणजे सगळीकडे चालण्याचाच भाग आहे, हे नव्या लोकांच्या लक्षात उशिरा येतं.

मॅकचा बॅकएंड पूर्वी क्वार्ट्झनं चित्र काढायचा. त्यामुळे काही गोष्टी फक्त तिथेच वेगळ्या दिसायच्या आणि त्यांची दुरुस्तीही फक्त तिथेच करावी लागायची. पुढे त्यानंही ॲगचा मार्ग धरला. आता कोको, म्हणजे मॅकची विंडो बनवायची यंत्रणा, फक्त विंडो सांभाळते.

वेगाचं म्हणाल तर लाखो बिंदू सतत हलवायचे असतील तेव्हा जीपीयू (चित्रांसाठीचा वेगळा प्रोसेसर) वापरणारी लायब्ररी जरूर घ्या. छापायच्या आलेखाला तो वेग लागत नाही.

ॲगनं पिक्सेल दिले. आता ते विंडोत टाकणं सोपं ना?

बऱ्यापैकी. पण रंगांचा क्रम तपासा. ॲगकडून लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता असे चार बाइट मिळतात. कैरोचा नेहमीचा प्रकार ३२ बिटांचा एक अखंड आकडा मानतो, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रोसेसरवर मेमरीत निळा आधी येतो. शिवाय कैरो रंगाला पारदर्शकतेनं आधीच गुणून ठेवतं, ॲगच्या बाइटांत तसं केलेलं नसतं. निळ्याच्या जागी लाल दिसला तर क्रम चुकला. अर्धपारदर्शक भागांच्या कडा विचित्र उजळ दिसल्या तर गुणाकार राहिला.

माझ्या आलेखातला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर वेगळा का दिसतो?

तुम्ही मागितलेला फॉन्ट त्याच्याकडे नाही. विंडोजवर फॉन्टची यादी रजिस्ट्रीत आणि ठरलेल्या फोल्डरांत असते, मॅकवर ती तीन-चार फोल्डरांत विखुरलेली असते, लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधून देणाऱ्या लायब्ररीला विचारावं लागतं. ‘एरियल’ लिनक्सवर बहुधा नसतोच. मग लायब्ररी दुसरा फॉन्ट निवडते, अक्षरांची रुंदी बदलते, आणि नीट बसलेलं शीर्षक शेजारच्या चौकटीवर चढतं.

यावर मला पटलेला इलाज एकच: फॉन्ट सोबत न्या. मॅटप्लॉटलिबच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, देजाव्हू सान्स हा मूळ फॉन्ट आहे आणि तो पॅकेजमध्येच येतो. गणिती चिन्हं त्यात भरपूर आहेत. तुमच्या संस्थेला वेगळा फॉन्ट हवा असेल तर त्याची फाइल प्रकल्पात ठेवा आणि कोडमधून तिचा पत्ता द्या. नावानं मागू नका.

नवा फॉन्ट बसवला आणि तरी लायब्ररीला तो दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. शोधलेल्या फॉन्टची यादी ती एका फाइलमध्ये साठवून ठेवते. लिनक्सवर ही फाइल घरच्या फोल्डरातल्या कॅशमध्ये असते, विंडोज आणि मॅकवर घरच्या फोल्डरातल्या मॅटप्लॉटलिब नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. ती पुसा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा.

देवनागरी अक्षरं चौकोन दिसतात किंवा मोडतात. हा सिस्टीमचा दोष आहे का?

चौकोन आणि मोडणं, या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

चौकोन दिसतात कारण देजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही. विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर लोहित किंवा नोटो सान्स देवनागरी बसवता येतो. तिन्हीकडे नावं वेगळी, म्हणून इथेही फाइल सोबत नेणंच बरं. मॅटप्लॉटलिब ३.६ पासून एकामागून एक असे अनेक फॉन्ट सांगता येतात. पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यात शोधलं जातं, त्यामुळे रोमन आणि देवनागरी मजकूर एकत्र चालतो.

अक्षरं मोडतात ती मात्र फॉन्टमुळे नाही. फ्रीटाइप एकेका चिन्हाचा आकार देतं. चिन्हं एकमेकांशी कशी जुळतात हे ते पाहत नाही. त्यामुळे ‘विज्ञान’ मधली पहिली वेलांटी व च्या आधी येण्याऐवजी नंतर पडते, ज्ञ फुटतो, ‘वर्ष’ मधला रफार ष वर चढत नाही. जुळणीचं काम हार्फबझसारख्या लायब्ररीचं. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा मार्ग अनेक वर्षं तिच्याविना चालला. तुमच्या आवृत्तीत आधी हेच दोन शब्द काढून पाहा. मोडत असतील तर तीन वाटा आहेत. पीजीएफ बॅकएंड आणि झीलाटेक हा अक्षरजुळणी करणारा प्रोग्राम वापरून पीडीएफ काढा. एमपीएलकैरो हा बाहेरचा बॅकएंड रॅक्म या हार्फबझवर उभ्या लायब्ररीसह वापरा. किंवा एसव्हीजीमध्ये मजकूर रेषांत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवायची सेटिंग करा, मग जुळणी ब्राउझर करेल. तिसऱ्या वाटेत फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असावा लागतो.

देवनागरीची अडचण ‘कोपऱ्यातली’ म्हणून मागे ढकलली जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. अरबी, तमिळ, ख्मेर, सगळ्यांची हीच गत आहे. आपल्या भाषेत शास्त्र शिकवणाऱ्याला अक्षावरचं नाव नीट लिहिता यायलाच हवं. यासाठी बग नोंदवताना चुकीचं चित्र आणि बरोबर चित्र शेजारी शेजारी द्या. ज्याला लिपी येत नाही त्यालाही चूक दिसते.

सर्व्हरवर कोड चालवला की ‘डिस्प्ले नाही’ अशी एरर येते.

लिनक्स सर्व्हरला स्क्रीन नसते, पण कोडमध्ये टीके किंवा क्यूटी स्पष्ट मागितलेलं असतं. ती ओळ काढा. काहीच सांगितलं नाही तर मॅटप्लॉटलिब डिस्प्ले आहे का ते पाहते आणि नसल्यास आपोआप ॲगवर येते. खात्रीसाठी ‘एमपीएलबॅकएंड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ॲग लिहा. बॅकएंडची निवड वापरणाऱ्याची असावी. लायब्ररीवर उभ्या असलेल्या तुमच्या पॅकेजनं ती परस्पर बदलू नये.

वेब सर्व्हरवर पायप्लॉट, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा झटपट वापरायचा भाग, टाळा. तो प्रत्येक आकृती लक्षात ठेवतो, बंद केली नाही तर मेमरी भरत जाते. वीसपेक्षा जास्त आकृत्या उघड्या राहिल्या की तो इशाराही देतो. सरळ फिगर ऑब्जेक्ट बनवा आणि त्यातून फाइल लिहा.

दुसऱ्या थ्रेडमधून (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामातून) विंडो उघडली. लिनक्सवर चालली, मॅकवर प्रोग्राम कोसळला.

मॅकओएसवर विंडोचं काम मुख्य थ्रेडवरूनच करावं लागतं. लिनक्सवर चाललं ते नशिबानं. आकडेमोड दुसऱ्या थ्रेडवर न्या, चित्र मुख्य थ्रेडवर ठेवा.

याला लागूनच दुसरी गोष्ट: नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामनं समांतर कामासाठी सुरू केलेली स्वतःची दुसरी प्रत. विंडोजवर ती कोऱ्या पाटीनं सुरू होते, मॅकवर पायथन ३.८ पासून तसंच, आणि लिनक्सवर अनेक वर्षं चालू प्रोसेसची नक्कल होत आली. लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट विंडोजवर स्वतःलाच पुन्हा पुन्हा सुरू करू पाहते ती यामुळे. मुख्य भाग ‘मेन’च्या तपासणीखाली (फाइल थेट चालवली असेल तरच पुढे जाणाऱ्या अटीखाली) ठेवला की हे थांबतं.

लिनक्सवर विंडो ठरावीक जागी उघडायची आहे. जमत का नाही?

वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या विंडो यंत्रणेवर, प्रोग्रामला स्वतःच्या विंडोची जागा ठरवता येत नाही. ते जाणूनबुजून तसं ठेवलं आहे. ही सोय लायब्ररीत देऊ नका.

बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर आलेख धूसर किंवा फार लहान दिसतो.

मॅटप्लॉटलिबची आकृती मुळात ६.४ × ४.८ इंच आणि १०० डीपीआय (दर इंचाला १०० पिक्सेल) असते, म्हणजे ६४० × ४८० पिक्सेल. मॅकच्या रेटिना पडद्यावर प्रमाण २ असतं, तर तीच आकृती १२८० × ९६० पिक्सेलमध्ये काढावी लागते. विंडोजवर हे प्रमाण १.२५ किंवा १.५ असू शकतं आणि तिथे खरी कसरत सुरू होते: ८०१ ला १.२५ नं गुणलं तर १००१.२५ येतात, आणि पाव पिक्सेल नावाची गोष्ट नसते.

चार ठिकाणी चुका होतात. पिक्सेल वाढवले पण रेषांची जाडी आणि अक्षरांचा आकार पॉइंटवरून नव्यानं मोजला नाही. माउसची जागा प्रमाणानं गुणली नाही, त्यामुळे क्लिक भलत्याच बिंदूवर लागतं. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ओढली, प्रमाण बदललं, तरी चित्र पुन्हा काढलं नाही. आणि सगळ्यात वाईट: फाइल साठवताना स्क्रीनचं प्रमाणही आत गेलं, त्यामुळे एकाच स्क्रिप्टमधून दोन यंत्रांवर दोन आकारांची चित्रं निघाली. स्क्रीनचं प्रमाण स्क्रीनपुरतंच ठेवा. फाइल नेहमी मूळ डीपीआयनं लिहा.

चित्र बरोबर आलं की नाही हे आपोआप कसं तपासायचं?

मान्य केलेलं चित्र साठवून ठेवायचं, नवं काढायचं आणि पिक्सेलमधला फरक मोजायचा. मॅटप्लॉटलिब फरकाच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ काढते आणि ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहते.

अडचण अशी की फ्रीटाइपची आवृत्ती बदलली तरी अक्षरांच्या कडा बदलतात. म्हणून चाचण्यांसाठी २.६.१ ही एकच आवृत्ती बराच काळ बांधून ठेवलेली होती. ज्या चाचणीत मजकुराचा मुद्दाच नाही तिथून मजकूर काढून टाकायची सोयही आहे. ती वापरा, पुढचा बराच त्रास वाचतो.

प्रोसेसरही फरक पाडतो. एआरएमवर कंपायलर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतो आणि पूर्णांकन दोनदा ऐवजी एकदाच होतं. शेवटचा बिट बदलतो, आणि बिंदू नेमका दोन पिक्सेलच्या सीमेवर असेल तर तो शेजारी सरकतो. अशा चाचणीला त्या प्रोसेसरपुरती थोडी सूट द्यावी. सगळ्यांसाठी मर्यादा सैल केली तर खरी चूकही त्यातून निसटून जाते.

एसव्हीजी दर वेळी वेगळी निघते कारण आतली ओळखनावं यादृच्छिक असतात. ती नावं स्थिर ठेवण्यासाठी हॅश सॉल्टची सेटिंग आहे. पीडीएफमधल्या तारखेसाठी ‘सोर्स डेट एपॉक’ हा व्हेरिएबल आहे.

फक्त विंडोजवर आकडे किंवा तारखा चुकतात.

६४ बिटांच्या विंडोजवरही सी भाषेतला ‘लाँग’ ३२ बिटांचा असतो, लिनक्स आणि मॅकवर ६४ बिटांचा. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा नेहमीचा पूर्णांक यावरच बेतलेला होता. २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीनं तो विंडोजवरही ६४ बिटांचा केला. ३२ बिटांत मावणारा सर्वात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. मिलिसेकंद मोजत गेलात तर २५ दिवसही पुरत नाहीत, आकडा उलटून ऋण होतो आणि आलेखाची रेष अचानक तळाला जाते. कोडमध्ये प्रकार स्पष्ट लिहा.

तारखांचं दुखणं निराळं. तारखेतला आधीचा शून्य काढायचं चिन्ह लिनक्सवर उणे आहे, विंडोजवर हॅश. १९७० पूर्वीचे टाइमस्टॅम्प विंडोजवर पायथनच्या काही फंक्शनना झेपत नाहीत. वेळक्षेत्रांची माहिती पायथन सिस्टीमकडून घेतो आणि विंडोजकडे ती त्या रूपात नसते, म्हणून टीझेडडेटा पॅकेज लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत लिहावं लागतं.

फाइलींच्या नावांत काय सांभाळायचं?

विंडोजवर नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन चालत नाही, म्हणून फाइलच्या नावात वेळ लिहिताना जपा. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ ही नावं राखीव आहेत. अशा नावाची फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) गेली तर विंडोजवाल्याला ती उतरवूनच घेता येत नाही. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक लिनक्स मानतो, विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत. मजकूर फाइल उघडताना यूटीएफ-८ हे अक्षरं साठवायचं एन्कोडिंग स्पष्ट लिहा. पायथन ३.१५ पासून ते आपोआप व्हायचं ठरलं आहे, जुन्या आवृत्त्या मात्र अनेक वर्षं वापरात राहतील.

काही देशांतल्या वापरकर्त्यांच्या एसव्हीजी फाइल उघडतच नाहीत. असं कसं?

जिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात तिथे हे होतं. लिनक्सवर क्यूटी सुरू होताना सिस्टीमची सेटिंग सगळ्या प्रोसेसला लावतं. मग सी मधलं छापायचं फंक्शन ३.५ ऐवजी ३,५ लिहितं, आणि एसव्हीजी किंवा पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्याला ते दोन आकडे वाटतात. क्यूटी सुरू झाल्यावर लगेच आकड्यांची सेटिंग ‘सी’ वर, म्हणजे दशांशाला टिंब लिहिणाऱ्या सेटिंगवर, आणा. त्याहून चांगलं म्हणजे सेटिंगकडे पाहतच नाही असं फंक्शन वापरा. प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये एक यंत्र मुद्दाम जर्मन सेटिंगवर चालवा. हा बग इंग्रजी सेटिंगवर कधीच दिसत नाही.

तयार पॅकेज सगळीकडे चालेल असं कसं बांधायचं?

लिनक्ससाठी जुन्या यंत्रणेवर बांधा. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची नवी आवृत्ती जुन्या फंक्शनांची नावं ओळखते, उलट होत नाही. म्हणून ‘मेनीलिनक्स’ची पद्धत आहे: २.१७ चा टॅग असेल तर ते व्हील, म्हणजे पायथनचं तयार पॅकेज, जीलिबसी २.१७ आणि पुढच्या सगळ्यांवर चालतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल आहे, त्याला वेगळं ‘मसललिनक्स’ व्हील लागतं. मॅकसाठी किमान आवृत्ती ठरवून द्या आणि इंटेल व एआरएम दोन्ही बांधा.

लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी व्हीलच्या आत भरायला लिनक्सवर ऑडिटव्हील, मॅकवर डीलोकेट, विंडोजवर डेल्व्हव्हील आहे. सीआयबिल्डव्हील हे सगळं एका फाइलमधून चालवतं. विंडोजवर पायथन ३.८ पासून डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली) शोधताना ‘पाथ’ ही फोल्डरांची यादी पाहिली जात नाही, हे जुन्या सूचना वाचताना ध्यानात ठेवा.

क्यूटी मात्र आत भरू नका. दोन पॅकेजांनी आपापली क्यूटी आणली की एकीचे प्लगइन दुसरी उघडू पाहते आणि लिनक्सवर ‘एक्ससीबी प्लगइन लोड होत नाही’ अशी एरर येते (एक्ससीबी म्हणजे विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेशी बोलणारा भाग). तोच संदेश क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर लायब्ररी नसली तरी येतो, म्हणून आधी ती तपासा.

माझ्याकडे एकच संगणक आहे. तरी योगदान देता येईल का?

जरूर. पुल रिक्वेस्ट (आपला बदल घेण्याची विनंती) टाकली की तिन्ही सिस्टीमवरच्या चाचण्या प्रकल्पाच्या यंत्रांवर आपोआप चालतात, आणि चित्र जुळलं नाही तर अपेक्षित, आलेलं आणि फरकाचं अशी तीन चित्रं मिळतात. तिसरं आधी उघडा. फरक फक्त अक्षरांच्या कडांवर असेल तर फ्रीटाइप, सगळं चित्र एका पिक्सेलनं सरकलं असेल तर पूर्णांकन, आकारच वेगळा असेल तर डीपीआय.

बग नोंदवताना सिस्टीमची आवृत्ती, प्रोसेसर, पायथनची आवृत्ती, लायब्ररी पिपनं बसवली की कॉन्डानं (ही पॅकेज बसवायची दोन साधनं), बॅकएंडचं नाव आणि स्क्रीनचं प्रमाण लिहा. त्यानंतर तोच कोड बॅकएंड ॲगवर ठेवून पीएनजी काढा आणि ती सोबत जोडा. पीएनजी बरोबर आली तर दोष विंडोच्या बाजूला आहे, आणि दुरुस्त करणाऱ्याला अर्धा कोड उघडायचीच गरज उरत नाही.